सोन्याचं नाणं घेताना: धातूचा भाव, संग्राहकाचा भाव आणि आपला व्यवहार

आंब्याची पट्टी हातात आली, किंवा गणपतीच्या आधी आखातातल्या मुलाने पैसे पाठवले, की चिपळूण-रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या पेढ्यांवर हल्ली एक मागणी वरचेवर ऐकू येते: "शेठ, दागिना नको, नाणं दाखवा." मागणी शहाणपणाची आहे. दागिन्यावर घडणावळ जाते, मोडताना घट जाते, खडे आणि लाखेचं वजन वेगळं. नाण्यात यातलं बरंचसं वाचतं.

पण ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली सगळी गोल पिवळी चकती एका जातीची नसते. काहींची किंमत फक्त वजनावर ठरते. काहींची वजनापेक्षा जास्त असते, पण ती देणारं गिऱ्हाईक मुंबईत, लंडनमध्ये किंवा एखाद्या लिलावात बसलेलं असतं, आपल्या तालुक्याच्या बाजारात नाही. माझं सांगणं असं: पहिलं नाणं घेताना धातूच्या किमतीला घ्या, आणि घरातलं जुनं नाणं मोडायला नेण्याआधी त्याची संग्राहकाची किंमत तपासा. बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट होतं. नवं नाणं छान डबीत आहे म्हणून जास्त पैसे मोजले जातात आणि आजीची गिनी, म्हणजे ब्रिटिशांचं 'सॉव्हरिन' हे सोन्याचं नाणं, 'जुनं सोनं' म्हणून वितळते.

आधी समोर काय आहे ते ओळखा

पहिली जात म्हणजे सराफाच्या किंवा बँकेच्या नावाची चकती. एका बाजूला लक्ष्मी किंवा गणपती, दुसऱ्या बाजूला वजन आणि ९९९ किंवा ९९५ हा शुद्धतेचा आकडा, म्हणजे हजार भागांत किती भाग सोनं. आपण तिला नाणं म्हणतो, पण ती कोणत्याही सरकारने चलन म्हणून काढलेली नाही. तिला संग्राहकाची किंमत नाही, असं धरूनच चाला. वजन गुणिले शुद्धता, संपला हिशेब. भारत सरकारने ५ नोव्हेंबर २०१५ रोजी सुरू केलेलं 'इंडियन गोल्ड कॉइन'ही व्यवहारात धातूच्याच भावाचं आहे: ५ आणि १० ग्रॅमची नाणी, २० ग्रॅमची लगड, ९९९ शुद्धता, एका बाजूला अशोकचक्र, दुसरीकडे महात्मा गांधी.

दुसरी जात आधुनिक बुलियन नाण्यांची. एखाद्या देशाची सरकारी टांकसाळ ती सोनं साठवण्यासाठीच काढते. बहुतेकांवर दर्शनी मूल्य असतं, पण ते नावापुरतं. अमेरिकेच्या एक औंसाच्या ईगलवर ५० डॉलर लिहिलेले असतात आणि आतल्या सोन्याची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. या प्रकाराची सुरुवात दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगररँडने १९६७ मध्ये केली, आणि गंमत म्हणजे त्यावर दर्शनी मूल्यच नाही. मग कॅनडाचं मेपल लीफ १९७९ मध्ये, चीनचं पांडा १९८२ मध्ये. वर्णभेदाच्या विरोधात अमेरिकेने १९८५ मध्ये क्रुगररँडची आयात थांबवली आणि १९८६ मध्ये स्वतःचं ईगल काढलं. ब्रिटनचं ब्रिटानिया १९८७ चं, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक १९८९ चं, अमेरिकेचं बफेलो २००६ चं. आखातातून किंवा जहाजावरून घरी येणारे आपले लोक बहुधा यांतलंच काहीतरी आणतात.

तिसरी जात कपाटातली: गिनी, मोहरा, पुतळ्या. ही आधुनिक बुलियन नाणी नव्हेत, पण प्रश्न तोच पडतो, म्हणून त्यांच्याकडे पुढे वेगळं वळतो.

आपल्याकडे मधल्या जातीची नाणी जुन्या घरांत का सापडत नाहीत, याला कारण आहे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला लगडी बाळगायला बंदी होती आणि नाण्यांवर कडक मर्यादा होती. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. म्हणून एका अख्ख्या पिढीने सोनं बघितलं ते दागिन्यांतच.

वजनाचा हिशेब, आणि त्यातला खड्डा

हा भाग सावकाश वाचा. पैसे जातात ते इथे.

परदेशी बुलियन नाणी ट्रॉय औंसात मोजतात. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. किराणा मालाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, त्याच्याशी याचा संबंध नाही. तोळाही नीट विचारून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. आजच्या पेढीवर तोळा म्हटलं की १० ग्रॅम. आजीच्या चिठ्ठीवर 'दोन तोळे' लिहिलं असेल तर ते बहुधा २३.३ ग्रॅम धरायचे, २० नव्हे.

आता शुद्धता. मेपल लीफ (१९८२ पासून), फिलहार्मोनिक आणि बफेलो ९९९.९ चे, म्हणजे व्यवहारात चोवीस कॅरेट. ब्रिटानिया २०१२ पर्यंत बावीस कॅरेट होतं, २०१३ पासून ९९९.९. पांडा ९९९ चं, आणि २०१६ पासून ते औंसात नाही, ग्रॅममध्ये निघतं. त्यामुळे मोठं पांडा आता ३० ग्रॅमचं असतं, ३१.१ चं नाही. क्रुगररँड आणि ईगल बावीस कॅरेटचे. पण 'एक औंस' हे नाव त्यांना त्यांच्यातल्या शुद्ध सोन्यावरून मिळालं आहे. त्यांचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम. त्यातलं शुद्ध सोनं ३१.१०३५ ग्रॅम, बाकी क्रुगररँडमध्ये तांबं आणि ईगलमध्ये तांबं आणि चांदी.

खड्डा हा असा. हिशेब सोपा पडावा म्हणून चोवीस कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. एक औंस शुद्ध सोन्याचे झाले ३,११,०३५ रुपये. क्रुगररँड घेऊन तुम्ही पेढीवर गेलात, कॅरेट मोजायच्या मशीनने ९१.६ दाखवलं, आणि कोणी म्हणालं, "बावीस कॅरेट आहे, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, बावीसच्या भावाने घेतो." हिशेब येतो २,८५,१०० च्या आसपास. सव्वीस हजारांच्या जवळपास रुपये गेले, कारण शुद्धतेची कपात दोनदा झाली. शुद्ध वजनाला चोवीसचा भाव लावा, नाहीतर एकूण वजनाला बावीसचा. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. घेताना उलटी चूक होते: एकूण ३३.९३ ग्रॅमला चोवीसचा भाव. म्हणून काट्यावर नाणं ठेवायला सांगा, काय वजन दिसतं ते वाचा आणि कोणत्या वजनाला कोणता भाव लावला हे बिलावर लिहून घ्या.

गिनीलाही हेच लागू. तिचं एकूण वजन ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२२४ ग्रॅम. वरच्याच भावाने ७३,२२४ रुपये. कुणी ७.३२ ग्रॅमला बावीसचा भाव लावला तर सहा हजारांहून जास्त रुपये कमी मिळतील.

धातूच्या वर किती देताय ते काढा

नाण्याच्या सोन्याच्या किमतीवर जे जास्त मोजता, त्यात टांकसाळीची घडणावळ, वाहतूक, आयातशुल्काचा बोजा आणि दुकानदाराचा नफा असतो. वर ३ टक्के जीएसटी. परत वरचाच भाव धरून १० ग्रॅमचं नाणं घेऊ. सोनं १,००,०००. घडणावळ समजा ३ टक्के, ३,०००. जीएसटी ३,०९०. हातात नाणं पडलं १,०६,०९० ला. लगेच मोडायला नेलं आणि समजा एक टक्का घट धरली, तर मिळाले ९९,०००. म्हणजे भाव सात टक्क्यांहून थोडा जास्त चढेल तेव्हा तुम्ही बरोबरीत याल. भरलेला जीएसटी परत मिळत नाही. टक्के पेढीप्रमाणे बदलतील, हिशेबाची रीत हीच.

नाणं जितकं छोटं, तितकी ग्रॅममागे घडणावळ जास्त. ठसा मारायचा, सीलबंद कार्डात घालायचा खर्च एक ग्रॅमला आणि दहा ग्रॅमला साधारण तेवढाच येतो. दर गुरुपुष्यामृताला एक ग्रॅम घेण्याची पद्धत मला मनापासून आवडते, त्या निमित्ताने साठतं तरी. पण व्यवहार म्हणून बघायचं तर पाच-सहा मुहूर्तांचे पैसे बाजूला ठेवून एकदम मोठं नाणं घेतलेलं बरं. चोख सोन्याची वेढणी मिळत असतील तर त्यांचाही भाव विचारा. पुष्कळदा त्यांवर नाण्यापेक्षा कमी घडणावळ पडते.

भाव कुठला धरायचा? जगाचा भाव लंडनमध्ये दिवसातून दोनदा ठरतो. आपल्याकडे इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोजचा भाव जाहीर करते आणि सराफ तो धरून आपला भाव लावतात. पेढीवर जायच्या आधी फोनवर तो बघा, आणि तिथे गेल्यावर तीन प्रश्न विचारा: भाव जीएसटीसकट की सोडून? घडणावळ किती? आणि "शेठ, हेच नाणं मी सहा महिन्यांनी तुमच्याकडेच आणलं, तर किती घट धराल?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बिलाच्या मागे लिहून मागा. पिढीजात पेढी असेल तर लिहून द्यायला कोणी काचकूच करत नाही.

संग्राहकाची किंमत कशाने येते

नव्या माणसाचा गैरसमज इथे होतो: परदेशी आहे, सुंदर आहे, जुनं साल आहे, म्हणजे दुर्मीळ असणार. क्रुगररँडचंच बघा. १९७८ या एका वर्षात साठ लाखांच्या आसपास क्रुगररँड निघाले. चाळीस-पन्नास वर्षं जुनं असूनही त्या सालच्या नाण्याला सोन्याच्या वर फारसं काही मिळत नाही. १९६७ चं, पहिल्या वर्षाचं, फार थोडं निघालं होतं. ते चांगल्या स्थितीत असेल तर संग्राहक विचारतात.

चढ किंमत चार-पाच गोष्टींनी येते. संख्या कमी असणं आणि मागणी असणं, दोन्ही एकत्र हवं. पांडावर दरवर्षी नवं चित्र असतं. २००१ मध्ये ते चित्र कायम ठेवायचं ठरलं, २००२ चं नाणंही तसंच निघालं, पण संग्राहक इतके नाराज झाले की २००३ पासून पुन्हा दरवर्षी बदल सुरू झाला. त्यामुळे काही सालांच्या पांडांना सोन्यापेक्षा बरीच जास्त किंमत येते. कधी टांकसाळीच्या चुकीने किंमत चढते. १९९९ च्या अमेरिकी ईगलच्या दहाव्या आणि चौथ्या हिश्शाच्या औंसाच्या काही साध्या नाण्यांवर 'डब्ल्यू' हे वेस्ट पॉइंट टांकसाळीचं अक्षर आलं, कारण प्रूफ नाण्यांसाठीचे अपुरे तयार झालेले साचे चुकून त्या कामाला लागले. ती नाणी संग्राहक शोधत असतात. शेजारी ठेवलेलं त्याच सालचं, अक्षर नसलेलं नाणं मात्र सोन्याच्या भावाचं.

प्रूफ म्हणजे खास संग्राहकांसाठी, घासून चकचकीत केलेल्या साच्यांनी एकाहून जास्त वेळा ठोकून काढलेलं नाणं. पार्श्वभूमी आरशासारखी, चित्र मंद पांढरट. टांकसाळ ते लाकडी डबीत, प्रमाणपत्रासह, बऱ्याच चढ्या भावाने विकते. नव्या खरेदीदाराने यात पडू नये असं मला ठामपणे वाटतं. डबीचे आणि प्रमाणपत्राचे पैसे टांकसाळीने घेतले, पण पुढचा घेणारा तेवढे देईलच असं नाही. आपल्या गावच्या पेढीवर तर ते नाणं थेट काट्यावर जाईल.

मग स्थिती. संग्राहक नाण्याला १ ते ७० गुण देतात. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी संस्था नाणं तपासून, गुण लिहून, कडक प्लास्टिकच्या कवचात बंद करून देतात. ७० गुणांची कवचबंद आधुनिक नाणी भरपूर आहेत. टांकसाळीतून आलेलं नाणं तसंच कवचात गेलं की त्याला वरचे गुण मिळणं नवल नाही. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर तेच साल, तेच नाणं, तेच गुण आधी विकलं गेलं ते कितीला, हे लिलावांच्या जाहीर निकालांत बघा. विक्रेता सांगतो ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे.

घरातली गिनी आणि मोहर

कोकणातल्या किती तरी घरांत एखादी गिनी असते. ती हाताळायच्या आधी साल आणि खुणा वाचा. भिंग लागेल.

१९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली आणि युद्धाच्या त्या एकाच वर्षात तिथे सुमारे १३ लाख गिन्या पडल्या. त्या ओळखायच्या मागच्या बाजूच्या घोडेस्वारावरून. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर, बारीक इंग्रजी 'आय' अक्षर आहे. त्याच वर्षी मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहरही पडली, गिनीच्याच वजनाची आणि शुद्धतेची, कारण तेव्हा एक गिनी म्हणजे पंधरा रुपये असा दर होता. या दोन्हींना आपल्याकडच्या संग्राहकांत कायम मागणी असते. २०१३ पासून एमएमटीसी-पँप ही कंपनी रॉयल मिंटच्या परवान्याने भारतात पुन्हा गिन्या पाडू लागली, त्यांवरही 'आय' आहे. पण त्या नव्या, आणि मुख्यतः धातूच्या भावाच्या.

गिनीला कडी लावली असेल, पुतळीसारखी माळेत ओवली असेल, तर संग्राहकाच्या लेखी ती संपली. डाग देताना कड वितळते. कडी काढून कड घासून घेतली तरी भिंगाखाली दिसतं. अशी गिनी दागिना म्हणून घालावी, फार छान दिसते, आणि मोडायची झाली तर सोन्याच्या भावाने.

बिनकडीची असेल तर तिला काहीच करू नका. रिठ्याचं पाणी नको, आमसूल नको, खाण्याचा सोडा नको, टूथपेस्ट तर मुळीच नको, मऊ फडक्याने पुसणंही नको. सोनं मऊ असतं, फडक्यातल्या धुळीचे ओरखडे उठतात आणि संग्राहक ते एका नजरेत ओळखतो. हापूसच्या पेटीत एका फळाला डाग दिसला की दलाल सगळा दर पाडतो, तसंच इथे. कसोटीच्या दगडावर कस लावायलाही देऊ नका. कडेला घासलेला तो छोटा चट्टा कायमचा राहतो. तपासायचीच तर मशीनवर तपासा, तिने नाण्याला काही होत नाही.

आणखी एक गोष्ट नव्यांना चकवते: खऱ्या सोन्याची खोटी गिनी. १९५० आणि १९६० च्या दशकांत लेबननमध्ये बावीस कॅरेटच्याच सोन्याच्या बनावट गिन्या मोठ्या संख्येने पडल्या. मशीन ९१.६ दाखवेल, वजनही जवळपास बरोबर येईल, पण अक्षरं फुगीर, केसांच्या रेषा बुळबुळीत. सोन्याची किंमत मिळेल, संग्राहकाची शून्य. म्हणून दुर्मीळ साल दिसलं की जाणकाराची नजर लागते. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. चाकरमान्यांनो, एका सुट्टीत जाऊन या. खरं नाणं एकदा नीट डोळ्यांत साठवलं की खोटं लवकर खटकतं.

घरच्या घरी तपासणी

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरे. वजन आणि व्यास दोन्ही एकदम जुळवणं नकलाकाराला कठीण जातं, कारण सोन्याइतके जड धातू फार थोडे आहेत. क्रुगररँडचा व्यास ३२.८ मिमीच्या आसपास, मेपल लीफ ३० मिमी, फिलहार्मोनिक ३७ मिमी, गिनी २२.०५ मिमी. पितळेची नक्कल योग्य वजनाची केली तर ती खूप जाड होते. योग्य जाडीची केली तर निम्म्या वजनाची भरते.

एक औंसाच्या सुट्या नाण्यासाठी पाण्याची परीक्षा करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने टांगून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध सोन्याला उत्तर १९.३ च्या जवळ येतं, बावीस कॅरेटला साडेसतराच्या आसपास. मेपल लीफला काटा साधारण १.६१ दाखवेल, क्रुगररँडला १.९३. पाच-दहा ग्रॅमच्या नाण्यावर हा प्रयोग करू नका, आकडा इतका लहान येतो की काट्याच्या बारीक चुकीनेही निकाल उलटतो. नंतर नाणं घासून पुसायचं नाही, टिपकागदाने टिपायचं.

लोहचुंबकाला चिकटलं तर ते सोनं नव्हेच. चिकटलं नाही म्हणून सोनं आहे असंही नाही. आणि टंगस्टनची घनता सोन्याएवढीच असते, त्यावर सोन्याचा जाड मुलामा दिला तर वजन, व्यास, पाणी तिन्ही फसू शकतात. मशीनही फक्त वरचा थर बघते. जिथे शंका येईल तिथे परखण्याच्या भानगडीत न पडता नाणं परत करायचं. सीलबंद कार्डातलं नाणं तर उघडूच नका. पुष्कळ पेढ्या उघडलेल्या पॅकची घट जास्त धरतात.

कुठून घ्यावं, आखातातून आणावं का

बँकेचं नाणं विश्वासाचं असतं, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक ते परत विकत घेत नाही. मोडायला सराफाकडेच जावं लागतं. तारण ठेवायचं म्हटलं तरी नाण्यांवर कर्ज देताना बँकांना माणशी ५० ग्रॅमची मर्यादा आहे. दोन लाखांहून मोठी खरेदी असेल तर पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात दुकानदाराला घेता येत नाही. "बिल नको, जीएसटी वाचेल," असं कुणी सुचवलं तर उठून या. बिल नसलेलं नाणं मोडताना आणि मुलांच्या नावावर जाताना त्रास देतं.

दुबई किंवा कुवेतहून नाणी आणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्याला पुरुष असल्यास २० ग्रॅम आणि स्त्री असल्यास ४० ग्रॅमची जी शुल्कमाफी आहे, ती दागिन्यांना आहे. नाणी आणि बिस्किटं त्यात बसत नाहीत. ती जाहीर करून शुल्क भरावं लागतं. सोन्यावरचं आयातशुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं. हे दर बदलत असतात, निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. शुल्क धरून तिथलं नाणं किती स्वस्त पडतं याचा हिशेब कागदावर केलात, तर पुष्कळदा ते आणण्याचा मोह आपोआप कमी होतो.

खारी हवा, पाऊस आणि लॉकर

शुद्ध सोन्याला खाऱ्या हवेचं काही होत नाही. बावीस कॅरेटमधल्या तांब्याला होतं. क्रुगररँड किंवा गिनीवर तांबूस ठिपके उठू शकतात. सोन्याच्या किमतीला त्याने धक्का लागत नाही, तेव्हा ते घासायला जाऊ नका. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून चिकट हिरवट थर येतो. कडक प्लास्टिकच्या गोल डब्या मिळतात, त्या घ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्या बदला. आपल्या हवेत नाण्याआधी कागद मरतात: कार्डावर बुरशी येते, बिलाची शाई उडते. प्रत्येक बिलाचा आणि कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर लॉकरचा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेचे लॉकरबाबतचे जे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत ती नसते. म्हणून नदीकाठच्या शहरात तळमजल्यावरच्या शाखेत सगळ्यात खालचं लॉकर मिळत असेल तर थांबा, वरच्या ओळीचं किंवा उंचावरच्या शाखेतलं मागा. नाणी सोन्याची आहेत, ती गाळातूनही निघतील. कवचं, कार्डं आणि बिलं निघणार नाहीत, आणि संग्राहकाची किंमत बरीचशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

विकताना

धातूच्या भावाचं नाणं असेल तर दोन पेढ्यांवर त्याच दिवशी भाव विचारा आणि जास्त देणाऱ्याला द्या. संग्राहकाचं असेल तर घाई नको. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो काढा, काट्यावरचं वजन लिहा आणि मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांतल्या व्यापाऱ्यांना किंवा लिलाव करणाऱ्यांना दाखवा. नाणं "तपासायला ठेवून जा" म्हणणाऱ्याकडे पावतीशिवाय ठेवू नका. लिलाव करणारे आपलं कमिशन कापतात, ते आधी विचारा. पाच-सात हजारांच्या फरकासाठी मुंबईची फेरी आणि कमिशन परवडतं का, हेही बघा. गिनी मध्यम झिजलेली असेल तर बहुधा परवडत नाही.

कराचा भाग थोडक्यात. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, महागाईची वजावट न मिळता. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळतो. वारशाने आलेल्या नाण्याचा काळ आधीच्या मालकाने घेतल्यापासून मोजतात. एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. आजीच्या गिनीला ही तरतूद उपयोगी पडते, कारण तिचं बिल कुणाकडेच नसतं.

शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. १९१८ ची गिनी आता त्यात आली. ती घरात ठेवायला हरकत नाही, पण परदेशातल्या नातवाला भेट म्हणून पाठवता येत नाही, विमानात पर्समध्ये टाकूनही नाही. आणि घर पाडताना, विहीर खणताना किंवा बागेत कलमांसाठी खड्डे घेताना नाण्यांचं मडकं लागलं, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गड्यांसमोर वाटणी करून मोकळं होण्यापेक्षा त्याच दिवशी तहसील कार्यालय गाठा, अर्जाची पोच घ्या आणि मडकं जसं निघालं तसंच, मातीसकट राहू द्या.